यंत्र काय म्हणते?

माणसाने आजवर जी जी यंत्रे केली, ती बिघडली म्हणजे आपापल्या परीने बोलत आली आहेत. जात्याचा खुंटा सैल झाला की जाते खडखडते, रहाटाला तेल नसले की तो कुरकुरतो, आणि मोटारीच्या पोटात काही बिनसले की ती असा काही खोकला काढते की शेजारची चार माणसे आपण होऊन ढकलायला येतात. ही कुरकुर त्यांना कोणी शिकवावी लागली नाही. लाकडाची आणि लोखंडाची ती मातृभाषाच आहे.

संगणक हे या कुळातले पहिले मुके यंत्र. हिशेब चुकला म्हणून त्याचा आवाज बदलत नाही, आणि बरोबर आला म्हणूनही बदलत नाही. त्याने तक्रार करावी अशी इच्छा असेल, तर ती तक्रार कोणीतरी आधी लिहून त्याच्या पोटात घालून ठेवावी लागते. गंमत पाहा, पडद्यावर उमटणारा जो निरोप, ज्याला आज लहानथोर सगळेच 'एरर मेसेज' म्हणतात, तो यंत्राचा नसतोच मुळी. सगळे सुरळीत चालू असताना एका माणसाने, पुढे केव्हातरी अडचणीत सापडणाऱ्या दुसऱ्या माणसाला लिहून ठेवलेले ते पत्र असते. पत्र म्हटले की लिहिणाराचा स्वभाव आला, त्याची घाई आली, विनोद आला आणि आढ्यताही आली. गेल्या पाऊणशे वर्षांतल्या अशा काही पत्रांची ही हकिकत आहे. फराळाचे ताट शेजारी ठेवून ती वाचायला हरकत नाही. शेवटाकडे मात्र हातातला घास क्षणभर हातातच राहील, हे आधी सांगून ठेवलेले बरे.

*

१९४७ सालच्या सप्टेंबरची ९ तारीख. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क टू' नावाच्या एका अवाढव्य गणकयंत्राच्या चाचण्या चालू होत्या. त्याच्या पोटात विजेने उघडझाप करणारे हजारो रिले होते. त्या दिवशी यंत्र अडले. शोधता शोधता एका रिलेच्या फटीत, दिव्यावर झेपावतो तसला एक पतंग मरून पडलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीने डकवला आणि खाली शेरा मारला, की किडा प्रत्यक्ष सापडल्याचा हा पहिलाच प्रकार!

या शेऱ्यातली खुमारी 'प्रत्यक्ष' या शब्दात आहे. यंत्रातल्या न सापडणाऱ्या दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची चाल एडिसनच्या काळापासून, म्हणजे १८७० नंतरच्या दशकापासून होती. इतकी वर्षे नुसता बोलण्यातला किडा शोधणाऱ्यांना आज खराखुरा किडा मिळाला, म्हणून ही मंडळी खूष झाली. त्या चमूत ग्रेस हॉपर नावाच्या विदुषी होत्या. पुढे त्या अमेरिकी नौदलात रिअर अॅडमिरल झाल्या. पतंगाची ही गोष्ट त्यांनी जन्मभर सांगितली. ती नोंदवही, तो पतंग आणि तो शेरा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जपून ठेवला आहे. एका पतंगाचे इतके कौतुक आमच्या संतकवींनंतर बहुधा इथेच झाले असेल.

पुढे दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, इंग्लंडात केंब्रिजला 'एडसॅक' हे यंत्र सुरू झाले. त्याचे कर्ते मॉरिस विल्क्स एक दिवस जिना चढत होते. आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात आता उरलेल्या आयुष्याचा मोठा हिस्सा जाणार, असा साक्षात्कार त्यांना त्या पायऱ्यांवर झाला. पुढे हे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद करून ठेवले आहे. बोधिवृक्षाखाली होणाऱ्या साक्षात्काराने दुःखाचा शेवट होतो, जिन्यावर झालेल्या या साक्षात्काराने एका नव्या धंद्याच्या दुःखाला सुरुवात झाली, इतकाच काय तो फरक!

पण निरोपांच्या इतिहासात खरा मानाचा पाट द्यायचा तो १९५७ च्या एका घटनेला. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फॉरट्रान' ही भाषा तयार केली होती. गणिताच्या धाटणीने लिहिलेली सूत्रे यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाष्या, म्हणजे कंपायलर, त्यांनी ७०४ या यंत्रासाठी रचला होता. एप्रिल महिन्यात पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस-बेटिस प्रयोगशाळेत टपालाने भोके पाडलेल्या कार्डांचा एक गठ्ठा येऊन पडला. वर नाव नाही, आत चिठ्ठी नाही. हर्बर्ट ब्राइट आणि त्यांच्या सोबत्यांनी अंदाज केला, की हाच तो फॉरट्रानचा दुभाष्या असावा. गठ्ठा यंत्राला चारला, मागोमाग आपला एक प्रोग्रॅम दिला आणि सगळे छापण्याच्या यंत्रापाशी जमले. उत्तराऐवजी एक निरोप छापून आला. त्याचा मतलब असा, की अमुक प्रकारच्या वाक्यात उजव्या कंसानंतर स्वल्पविराम हवा, तो इथे नाही. पाहिले तर खरोखरच नव्हता! स्वल्पविराम घातला आणि काम मार्गी लागले.

वाचकहो, या निरोपाकडे नीट पाहा. चूक कुठे झाली हे त्यात आहे, काय राहिले हे आहे, आणि काय करावे हेही त्यातच आले. त्यात रागावणे नाही आणि थट्टाही नाही. शाळेत एखादेच मास्तर असे असत, की वहीवर नुसती फुली न मारता चुकलेल्या जागी बारीक अक्षरात बरोबर उत्तर लिहीत. ते साऱ्या वर्गाला आयुष्यभर आठवतात.

*

आरंभच इतका चांगला झाल्यावर पुढे सगळे सुरळीत व्हावे, असे कोणालाही वाटेल. झाले उलटे. त्याचे कारण समजायला आपल्याकडच्या तारखात्याची आठवण पुरे. तारेचे पैसे शब्दागणिक पडत, म्हणून माणसे 'प्रकृती गंभीर ताबडतोब निघा' एवढ्यात सगळे दुःख बसवीत. सणासमारंभाच्या तारांसाठी तर खात्याने ठराविक मजकुरांची यादीच करून त्यांना आकडे दिले होते. इकडे आकडा सांगितला की तिकडे दिवाळीच्या शुभेच्छांचा पुरा मजकूर उमटे. २०१३ साली तारसेवा बंद झाली तेव्हा ही आकड्यांची गंमतही संपली. या आकड्यांना अर्थ होता तो अशासाठी, की दोन्ही टोकांच्या तारबाबूंजवळ एकच यादी होती.

संगणकांतही तेच झाले. यंत्राची स्मरणशक्ती त्या काळी सोन्याच्या भावाची. लांबलचक वाक्ये तिच्यात साठवायची कोणी? १९६४ मध्ये आयबीएमने 'सिस्टिम ३६०' ही यंत्रमालिका जाहीर केली. तिच्यासाठी जो कारभारी प्रोग्रॅम झाला, तो सांकेतिक आकड्यांत बोलू लागला. काम मध्येच बंद पडले की कागदावर 'शून्य-सी-सात' असे काहीतरी येई. मग फडताळातले जाडजूड पुस्तक काढायचे आणि पंचांगात मुहूर्त पाहावा तसा अर्थ पाहायचा: अंकांच्या जागी अंक नसलेले काहीतरी आले आहे. अशा अवकाळी मरणाला 'अॅबेंड' असे नाव होते. 'अॅबनॉर्मल एंड' या शब्दांचा तो संक्षेप. जर्मन भाषेत 'आबेंट' म्हणजे संध्याकाळ. त्यावरून यंत्रखोलीतल्या लोकांनी व्युत्पत्ती काढली, की शुक्रवारी संध्याकाळी घरी जाण्याची घाई झाली म्हणजे चालक यंत्राला जे करतात ते आबेंट!

याच यंत्रांवर एक छोटेखानी प्रोग्रॅम होता. त्याचे काम काय, तर काहीही न करणे. फायली उघडणे, जागा राखून ठेवणे ही कामे कारभारी स्वतः करी, पण त्यासाठी त्याला कोणता तरी प्रोग्रॅम चालवल्याचे निमित्त लागे. म्हणून हा नाममात्र प्रोग्रॅम रचला. त्यात एकच आज्ञा होती: 'आलास तसा परत जा.' त्यातही चूक निघाली! परत जाताना 'काम फत्ते' असा शून्याचा आकडा ठेवून जायचा असतो, तो ठेवायचे राहिले होते. मग त्या जागी आधीचे काहीबाही पडलेले असे आणि कारभाऱ्याला वाटे की काम फसले. शेवटी शून्य ठेवणारी दुसरी आज्ञा घातली, आणि काहीच न करणारा प्रोग्रॅम सुधारण्यासाठी दुप्पट मोठा करावा लागला. सरकारी कचेरीत ज्यांची हयात गेली त्यांना यात नवल वाटणार नाही.

*

काटकसरीची परमावधी मात्र न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत झाली. १९६९ मध्ये तिथे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' या प्रणालीचा पाया घातला. तेव्हा पडदे नव्हते, टेलिटाइप होते. सेकंदाला दहा अक्षरे या गतीने ते कागदावर खडखडत. एक लांब वाक्य यायचे म्हणजे माणसाने हाताची घडी घालून वाट पाहायची. त्यामुळे थॉम्प्सन यांनी मजकूर लिहिण्यासाठी 'एड' नावाचे जे साधन केले, त्यात चुकीबद्दलचा निरोप एकच ठेवला: '?'. आज्ञा चुकली, प्रश्नचिन्ह. फाइल सापडली नाही, प्रश्नचिन्ह. काम जपून न ठेवता उठू लागलात, तरी प्रश्नचिन्हच.

यावरून एक विनोद प्रसृत झाला. म्हणे, थॉम्प्सन यांनी एक मोटार तयार केली. तिला वेगाचा काटा नाही, पेट्रोलचाही नाही. काही बिघडले की समोर एक भलेमोठे प्रश्नचिन्ह पेटते. नेहमीच्या चालकाला काय बिघडले ते बहुधा कळतेच! आपल्याकडच्या वैयाकरणांबद्दल असे सांगतात, की सूत्रातली अर्धी मात्रा वाचली तरी त्यांना पुत्रजन्माचा आनंद होई. युनिक्सकारांचे गोत्र हेच. 'क्रिएट' या अर्थाच्या आज्ञेतले शेवटचे 'ई' अक्षरसुद्धा त्यांनी गाळले. युनिक्स पुन्हा करायचे झाले तर काय बदलाल, असे पुढे थॉम्प्सन यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, की त्या आज्ञेला तिचा 'ई' परत देईन.

पण सूत्रांना भाष्य लागते, आणि भाष्यकार जवळ नसला की घोटाळे होतात. युनिक्सच्या निरोपांत 'हे टंकलेखन यंत्र नव्हे' असा एक निरोप होता. टेलिटाइपला करायची आज्ञा भलत्याच वस्तूला केली म्हणजे तो यावा, अशी मूळ योजना. पण काही प्रोग्रॅम समोर टेलिटाइप आहे की नाही हे आतल्या आत चाचपून पाहत, आणि 'नाही' हे उत्तर तसेच मागे पडून राही. नंतर वेगळ्याच कारणाने काम अडले, की हा शिळा निरोप पुढे येई. माणूस टपाल पाठवू पाहतो आहे आणि यंत्र त्याला सांगते आहे, 'टपाल गेले नाही. हे टंकलेखन यंत्र नव्हे.' हे कोणी कधी म्हटले होते?

१९७५ च्या सहाव्या आवृत्तीत तर प्रोग्रॅमच्या मजकुरातच एका अवघड जागी शेरा आहे, की हे तुम्हांला समजावे अशी अपेक्षा नाही. ऑस्ट्रेलियात प्राध्यापक जॉन लायन्स यांनी विद्यार्थ्यांसाठी त्या मजकुरावर सबंध भाष्य लिहिले, आणि हा शेरा जगभर गेला. अनेकांना तो उर्मट वाटला. पुढे रिची यांनी खुलासा केला. परीक्षेला हा भाग येणार नाही, असे मास्तर सांगतात त्या भावनेने तो लिहिला होता, आणि शिवाय तिथे काय चालले आहे ते आम्हांलाही पुरते कळले नव्हते! घरात ज्या वाक्याला सगळे हसतात, तेच परक्याच्या कानी पडले की झोंबते, ते असे.

*

तरी घरातल्या त्या हसण्याचा मोह सुटत नाही. व्हिएतनामच्या युद्धाच्या दिवसांत 'प्रेम करा, युद्ध नको' ही घोषणा तरुणांच्या तोंडी होती. डिजिटल कंपनीच्या यंत्रांवर नवी फाइल तयार करायची तर 'मेक' हा शब्द टाइप करून पुढे फाइलचे नाव द्यायचे. कोणी 'मेक लव्ह' असे लिहिले, तर फाइल उघडण्याआधी यंत्र विचारी, 'नॉट वॉर?' १९७२ मध्ये प्रिन्स्टनच्या डॉन वुड्स आणि जेम्स लायन या विद्यार्थ्यांनी 'इंटरकॅल' नावाची एक विडंबनभाषा केली. तिच्यात आज्ञांबरोबर मधूनमधून 'कृपया' म्हणावे लागे. कमी वेळा म्हटले तर दुभाष्या असभ्यपणाबद्दल प्रोग्रॅम नाकारी, फार वेळा म्हटले तर लाळघोटेपणाबद्दल नाकारी. व्याह्यांशी बोलताना जे तारतम्य लागते ते इथे यंत्राशी लागे.

'मल्टिक्स' या प्रणालीतली कथा याहून सुरस आहे. तिच्यात फायलींचा एक वंशवृक्ष असे, आणि त्याच्या मुळाला आईबाप नसत. तेव्हा मुळाला भाऊ असणे अशक्य. बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी अशा कधीच न घडणाऱ्या प्रसंगासाठी निरोप लिहिला तो चक्क लॅटिनमध्ये, नाताळच्या स्तोत्राच्या थाटात: आज मुळाला भाऊ जन्मला आहे! कधीच दिसणार नाही म्हणून लिहिलेला हा निरोप एका ठिकाणी खरोखरच उमटला. तिथल्या चालकाचा चेहरा कसा झाला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणि आता आपल्या ओळखीचे दोन शब्द. कॅलिफोर्नियातली 'अमिगा' कंपनी आरंभी व्हिडिओ खेळांची उपकरणे करी. त्यांपैकी 'जॉयबोर्ड' ही एक फळी होती. तिच्यावर बसून अंग कलवले की पडद्यावरचे चित्र हाले. नवा संगणक रचताना यंत्र वारंवार कोसळे. तेव्हा डोके शांत करण्यासाठी तंत्रज्ञ त्या फळीवर मांडी घालून, अजिबात न हलता बसण्याचा खेळ खेळत. १९८५ मध्ये कमोडोर कंपनीने तो अमिगा संगणक बाजारात आणला. तो कोसळला की काळ्या पडद्यावर लुकलुकत्या लाल चौकटीत अक्षरे येत: 'गुरु मेडिटेशन', आणि पुढे एक लांबलचक आकडा. गुरूंनी समाधी लावली, शिष्याने आकडा जपत बसावे! ज्यांना त्या फळीची गोष्ट ठाऊक होती ते हसत, बाकीचे नुसतेच बसत. पुढच्या आवृत्तीत गुरूंना निरोप देण्यात आला.

*

तोवर काळ बदलला होता. यंत्रखोलीतला संगणक दुकानात, कचेरीत आणि घरात आला होता. पत्र लिहिणारा तोच राहिला, पण वाचणारा बदलला. १९८१ मध्ये अॅपल कंपनीने आपल्या 'लिसा' संगणकावर बाहेरची माणसे बसवून परीक्षा घेतली. पडद्यावर 'डू इट', म्हणजे 'करून टाक', असे लिहिलेले एक बटण होते. दोन शब्दांतली फट बारीक, त्यात इंग्रजीतला मोठा 'आय' धाकट्या 'एल'सारखा दिसतो. एका गृहस्थाने ते 'डोल्ट', म्हणजे मठ्ठ, असे वाचले. यंत्र मला मठ्ठ का म्हणते, म्हणून ते चिडले. बटणावर 'ओके' आले ते त्यानंतर. १९८४ च्या मॅकिंटॉशवर सूझन केअर यांनी जळत्या वातीच्या बाँबचे चित्र काढले, तेव्हा हे कोणाला फारसे दिसणारच नाही असे त्यांना सांगितलेले होते. ते पुष्कळांना दिसले, आणि आता यंत्राचा स्फोट होणार म्हणून घाबरलेली माणसेही निघाली.

आपल्याकडे १९९० च्या आसपास ज्यांच्या कचेरीत संगणक आले, त्यांना 'अॅबॉर्ट, रिट्राय, फेल?' हा त्रिशूळ आठवत असेल. फ्लॉपी नीट बसलेली नसे, आणि यंत्र तीनच वाटा दाखवी: सोडून द्या, पुन्हा करा, की फसू द्या? तिन्हींचा अर्थ कळत नसे. मग माणसे जे बटण दाबल्याने कालची वेळ निभावली तेच आज दाबत. निरोप वाचायचा नसतो, बटण दाबून घालवायचा असतो, ही सवय अशीच लागली.

या सवयीची किंमत अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, टायलर गावच्या कर्करोग केंद्रात दिसून आली. तिथे 'थेरॅक-२५' नावाचे किरणोपचाराचे यंत्र होते. कॅनडातल्या एका सरकारी कंपनीने ते केले होते आणि त्याचा सारा ताबा संगणकाकडे होता. १९८६ च्या मार्चची २१ तारीख. यंत्र चालवणाऱ्या बाईंनी उपचाराचा प्रकार चुकून दुसरा टाइप केला, लगेच वर जाऊन दुरुस्त केला आणि किरण सोडण्याची आज्ञा दिली. सरावाने त्यांचा हात जलद झाला होता. इतका, की ती दुरुस्ती यंत्राच्या पुरती ध्यानात आलीच नाही. पडद्यावर निरोप आला: 'मालफंक्शन ५४'. म्हणजे 'बिघाड ५४'. पुस्तकात याचा खुलासा नव्हता. असले बिघाड त्या यंत्रावर रोज येत. एखाद्या दिवशी चाळीससुद्धा. २०२ मात्रा मागितल्या असता अवघ्या ६ दिल्या गेल्या, असे पडदा सांगत होता. बाईंनी नेहमीप्रमाणे 'पुढे चला' हे बटण दाबले. बंद दाराआड टेबलावर निजलेल्या माणसाला पहिल्याच खेपेला ठरल्याच्या जवळजवळ शंभरपट मात्रा बसली होती. तो उठू लागला, तोच दुसरा झटका बसला.

तीन आठवड्यांनी, ११ एप्रिलला, त्याच यंत्रावर दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तोच आकडा पुन्हा आला. तिथले भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी त्याच बाईंना बरोबर घेऊन, त्या कशा आणि किती वेगाने टाइप करतात हे पुन्हापुन्हा करून पाहिले आणि दोष पकडला. '५४' चा अर्थ पुढे कंपनीकडून कळला तो असा, की मात्रा एक तर फार जास्त गेली आहे किंवा फार कमी. टायलरचे ते दोघेही रुग्ण त्याच वर्षी मरण पावले. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्रांवर निरनिराळ्या ठिकाणी मिळून सहा जणांना अशी अतिमात्रा बसली.

दोष प्रोग्रॅममध्ये होता आणि यंत्राच्या रचनेतही होता. नुसता निरोप चांगला असता तर सगळे टळले असते, असे म्हणता येणार नाही. पण 'मात्रेची खात्री नाही, रुग्णाला बाहेर काढा' एवढे शब्द पडद्यावर असते, तर ते बटण दुसऱ्यांदा दाबले गेले नसते, असे मानायला जागा आहे.

*

तेव्हा विनोदाला हद्दपार करावे काय? मुळीच नाही. हार्वर्डचा पतंग आजही आपल्याला हसवतो, कारण तो कोणाच्याही अडचणीवर उभा नाही. गंमत काय आहे ती त्या वहीत, डोळ्यांसमोर चिकटवलेलीच आहे. थॉम्प्सन यांचे प्रश्नचिन्हही वाईट नव्हते. ज्यांच्यासाठी ते होते ती माणसे शेजारच्याच खोलीत बसत, आणि काही अडलेच तर उठून विचारता येई. बिघडले ते पत्ता बदलल्यावर. खोलीतल्या खोलीत द्यायची चिठ्ठी परगावच्या अनोळखी माणसाला गेली, आणि तीत आपण कोण, तो कोण, त्याला काय ठाऊक असेल, याचा विचार कोणी केला नाही.

आता तर हे निरोप बँकेच्या खिडकीपासून स्वयंपाकघरातल्या भट्टीपर्यंत सगळीकडे येऊन पोचले आहेत. 'काहीतरी चुकले आहे, थोड्या वेळाने पाहा,' असे आजचे यंत्र मोठ्या अदबीने सांगते. पण काय चुकले आणि कोणाचे, हे काही सांगत नाही. जुने प्रश्नचिन्हच ते, फक्त जरीचे उपरणे घेऊन आलेले. अशा वेळी पिट्सबर्गला छापून आलेल्या त्या पहिल्या निरोपाची आठवण होते. लिहिणाऱ्यांना पुढचा माणूस कोण हे ठाऊक नव्हते, गठ्ठ्यावर साधे नावही घालायचे राहिले होते. तरी तो अडेल कुठे, याचा विचार करून त्यांनी एका स्वल्पविरामाची जागा आधीच दाखवून ठेवली होती.